खालच्या बहिणीचे आकडे

वरचं केंद्र
४ मार्च

ति. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

माझ्यापेक्षा अकरा मिनिटं आधी जन्मल्याचा मान तू दर पत्राच्या पहिल्याच ओळीत वसूल करतेस, म्हणून या खेपेला मीच आपण होऊन नमस्कार घालून टाकला. काल दुपारी आम्ही सगळे सुखरूप पोचलो. उंची चार हजार आठशे मीटर. पत्र्याच्या चार लांबट खोल्या आहेत. एकीत झोपायचं, एकीत जेवायचं, एकीत रक्ताच्या बाटल्या आणि चौथीत जनरेटर, जो आम्हा सगळ्यांपेक्षा कमी धापा टाकतो. माझं डोकं ठणकतंय, बुटाची नाडी बांधून उठले तरी दम लागतो, आणि तरीही मी मजेत आहे. ज्यासाठी तीन वर्षं उंबरठे झिजवले तो अभ्यास अखेर सुरू झाला.

तुझं काम पुन्हा सांगते, कारण निघताना तू मान डोलावत होतीस खरी, पण नजर माझ्या कोटाच्या खांद्यावरच्या शिवणीवर होती. इथे हवा विरळ, ऑक्सिजन कमी. सोळा आठवड्यांत शरीर त्याच्याशी कसं जुळवून घेतं ते आम्ही मोजणार. पण झालेला बदल उंचीमुळेच झाला हे ठरवायला खाली तसंच एक माणूस हवं, न बदललेलं. म्हणून जुळ्यांच्या सहा जोड्या घेतल्या आहेत. प्रत्येकीतलं एक वर, एक खाली. सहा म्हणजे अगदी काठावर. पाच उरल्या तर आमच्या म्हणण्याला फारसा जोर राहत नाही.

तेव्हा सोमवारी आणि गुरुवारी जाग आल्याबरोबर, अंथरुणातच, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन आणि नाडी बघायची. मग मीटरच्या नळीत सावकाश श्वास सोडायचा. बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा दिसतो, तो कार्डावर लिहायचा. शेवटी श्वास रोखून किती सेकंद टिकतेस ते. बस. नवा व्यायाम नको, नवं औषध नको, जिने चढण्याचा उत्साह नको. जशी आहेस तशी राहा. खालच्या सगळ्यांची कार्डं माझ्याच ताब्यात आहेत, तेव्हा टंगळमंगळ लगेच कळेल.

टपाल आठवड्यातून एकदा सामानाच्या गाडीने जातं. फोन आहे, पण तो जेवणाच्या खोलीत आणि फक्त अडचणीसाठी. भाऊजींना नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरे म्हणू नकोस, इथे थंडी फार आहे.

तुझी,
खारू


घर
१३ मार्च

चि. खारूस अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

बघ, वसूल केलाच मान. तुझं पत्र आणि मीटरचा डबा दोन्ही पोचले. डब्यावरच्या यादीत सात वस्तू आणि आत सहा. सातव्या ओळीवर पेनाने अशी काट मारली आहे की खालचं वाचताच येत नाही. तूच काढली असशील काहीतरी, तेव्हा मी शोधत बसले नाही.

आयुष्यभर मला सगळ्यांनी सुधारायला सांगितलं. न सुधारण्याची कामगिरी पहिल्यांदाच मिळाली आहे, आणि ती मी उत्तम पार पाडणार. कोटांच्या कारखान्यात परवा मालकांनी आम्हा कटिंगवाल्यांना तिसऱ्या मजल्यावर हलवायचं काढलं. मी साफ नकार दिला. विज्ञानाच्या आड येता येणार नाही म्हटलं. अकरा वर्षांत मी त्यांना कधी नाही म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते इतके गांगरले की माझं टेबल आहे तिथेच राहिलं.

तुझ्या भाऊजींनी तो मीटर हातात घेतल्यापासून त्यांच्यातला लिफ्टचा मेकॅनिक जागा झालाय. उघडून बघू का म्हणून तीनदा विचारलं. मी हात लावू दिला नाही. पहिली दोन कार्डं सोबत आहेत. कार्बनचा आकडा ३९ आणि ४०, श्वास ५२ सेकंद आणि ५० सेकंद, ऑक्सिजन ९८. टोपी घालून झोप. तू घालणार नाहीस हे माहीत आहे, तरी लिहिते.

तुझ्यावर डोळा ठेवून असलेली,
ताई


वरचं केंद्र
५ एप्रिल

ति. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

डोकेदुखी गेली, भूक परत आली आणि माझे आकडे असे आले आहेत की नाचावंसं वाटतं. दोन मिनिटं नाचलेही, मग भिंत धरून बसावं लागलं. ऐक. ऑक्सिजन कमी पडला की शरीर आपल्याला न विचारता जास्त श्वास घ्यायला लागतं, अगदी झोपेतसुद्धा. जास्त श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड जास्त धुतला जातो, म्हणून तो आकडा उतरतो. माझा ४० वरून २९ वर आलाय. श्वास रोखणं म्हणशील तर ५४ वरून २१ सेकंदांवर. शरीराने उंची ओळखल्याची ही खूण.

आणि तू खाली कशी ३९-४० ला ठाम उभी आहेस! आमच्या प्रमुखांना (सगळे त्यांना पाठीमागे आजोबा म्हणतात, पण टेकडी सगळ्यांत आधी तेच चढतात) आपला तक्ता दाखवला. शोधनिबंधात पहिलं चित्र आपल्या जोडीचं घ्यायचं म्हणाले. एक रेघ उतरत गेलेली, एक सरळ. ती सरळ रेघ म्हणजे तू. आयुष्यात पहिल्यांदाच तुला कुणी सरळ म्हटलंय, जपून ठेव.

लोभाची रेघ मात्र चढती ठेव.

तुझी,
खारू


घर
१६ एप्रिल

चि. खारूस अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र लहान लिहिते, कारण कारखान्यात गणवेशांचं मोठं काम आलंय आणि संध्याकाळी अंग अंथरुणाला टेकवलं की संपलंच. परवा तर जेवताजेवताच डुलकी लागली. चाळिशी जवळ आली, दुसरं काय. कापडाचा तागा उचलला की छाती थोडी भरून येते, पण मी जिना बिना चढलेली नाही, शपथ.

ही पाच कार्डं. सगळी ३९, सगळी ५२ सेकंद. सरळ रेघेला कुठे धक्का लागलेला नाही. तुझ्या पहिल्या चित्रासाठी मी काय वाटेल ते करीन.

कळावे, काळजी तुझीच जास्त,
ताई


वरचं केंद्र
२६ एप्रिल

ति. ताईस,
न. वि. वि.

स्पष्टच विचारते. ही शेवटची पाच कार्डं तू खरंच श्वास सोडून भरलीस का? ३९, ३९, ३९, ३९, ३९. श्वास पाचही वेळा ५२ सेकंद. नाडी पाचही वेळा ६८. अगं, जिवंत माणसाचे आकडे हलतात. मार्चमधले तुझे छान हलत होते. हे आकडे माणसाचे नाहीत, भिंतीवरच्या खिळ्याचे आहेत.

आळस केला असशील तर सांग. मीटर बिघडला असेल तर सांग. इमारतीची लिफ्ट बंद पडली असेल आणि तू रोज सहा मजले चढत असशील, आणि ते लपवायला हे करत असशील, तर तेही सांग. मी रागावेन, पण दोन दिवस. आजोबा महिनाअखेरीची कार्डं स्वतः तपासतात आणि त्यांच्या डोळ्यांतून काही सुटत नाही. तीन वर्षांचं काम आहे, ताई. तुझ्याकडून मी एवढंच मागितलं होतं.

खारू


घर
४ मे

मेव्हणीबाईंस,
स. न. वि. वि.

हे पत्र मी तुझ्या ताईला न सांगता लिहितोय. पहिली गोष्ट म्हणजे आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडलेली नाही. ती माझ्या हाताखाली आहे आणि गेल्या चार वर्षांत एकदाही अडकलेली नाही. तो आरोप मागे घे.

दुसरी गोष्ट. तुझं पत्र वाचून ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही. मग मी सोमवारी तिच्याआधी उठून बसलो आणि ती कार्ड कसं भरते ते पाहिलं. मीटरवर आकडा आला ३२. तिने लिहिला ३९. मी विचारलं तर म्हणाली की कारखान्यात गिऱ्हाइकाचं माप जुन्या कार्डापेक्षा एकदम फार वेगळं आलं तर टेप सरकली असं धरतात आणि जुनंच माप लिहितात. तिच्या मते हा मीटर एप्रिलपासून सरकतोय. आधी ३७ दाखवत होता, मग ३५, आता ३२. तुला मनस्ताप नको म्हणून ती जुनं माप लिहीत राहिली. खोटं लिहितेय असं तिच्या मनातही नव्हतं. आता आहे, म्हणून गप्प आहे.

तिसरी गोष्ट. मी त्याच मीटरमध्ये स्वतः फुंकून पाहिलं. तीन वेळा. ३९, ४०, ३९. शेजारच्या मास्तरांना फुंकायला लावलं, ३८. तेव्हा मीटर सरकलेला नाही. सरकली असेल तर तुझी ताई. तिचा श्वास ३७ सेकंदांत सुटतो, नाडी ८२, ऑक्सिजन मात्र ९८ च. औषध काही घेत नाही, ताप नाही, खोकला नाही, घाबरलेलीही नाही, नुसती दमलेली असते. मी यंत्राचा माणूस. यंत्र ठीक असताना आकडा का उतरतो हे मला कळत नाही आणि मला भीती वाटते. जे असेल ते स्पष्ट लिही.

तुझा,
भाऊजी


वरचं केंद्र
१२ मे

ति. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

भाऊजींचं पत्र आलं. त्यांच्यावर चिडू नकोस, त्यांनी माझ्यापेक्षा चांगला डॉक्टर असल्यासारखी तपासणी केली आहे. घाबरण्यासारखं मला काही दिसत नाही, हे आधी दोघांनी वाचा.

३२ हा आकडा मी रोज बघते. साडेतीन हजार मीटरवर महिनाभर राहिलेल्या माणसाचा असा येतो. तू मात्र समुद्रसपाटीला बसून, ऑक्सिजन पूर्ण असताना, डोंगरावर असल्यासारखा श्वास घेते आहेस. याची कारणं थोडीच असतात. ताप, फुप्फुसाचा आजार, भीती, काही औषधं, ही भाऊजींच्या पत्राने बहुतेक बाद झाली. एक उरतं. बाईच्या शरीरात एक संप्रेरक वाढलं की ते मेंदूला जास्त श्वास घ्यायला लावतं, पोट दिसायच्या कितीतरी आधी. कारण तिला तेव्हा दोघांसाठी श्वास घ्यायचा असतो.

ताई, तुला दिवस गेले असावेत असं मला वाटतं.

फोन करणार होते, पण तो जेवणाच्या खोलीत आहे आणि ही बातमी आधी तुझी आहे, अख्ख्या केंद्राची नाही. पत्र मिळेल त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आणि आता माझा गुन्हा. डब्यातली सातवी वस्तू म्हणजे याच तपासणीच्या पट्ट्या होत्या. अभ्यासातल्या प्रत्येक बाईने दर महिन्याला एक वापरायची आणि मी निकाल नोंदवायचा, असा नियम आहे. मार्चच्या सुरुवातीला तुझी झाली होती, तेव्हा काही नव्हतं. पुढच्या पट्ट्या मी काढून घेतल्या. दोनदा मूल पोटातच गेल्यानंतर तू न्हाणीघरात दार लावून तसली पट्टी हातात धरून बसशील हे मला सोसवेना. म्हणून एप्रिलमध्ये आणि मेमध्ये मी तुझ्या नावापुढे तुला न विचारताच 'नाही' लिहिलं. तुला जपतेय असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला तुझा तो चेहरा पुन्हा आठवायचा नव्हता. तू आकडे लिहिताना निदान मीटरकडे बघत तरी होतीस, मी तर काहीच न बघता लिहिलं. आणि वर तुलाच दरडावलं.

तुझ्या उत्तराची वाट बघत,
खारू


घर
२४ मे

चि. खारूस अनेक अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र अठराला मिळालं आणि मी बावीसला गेले. चार दिवस गेले नाही. तुझ्या भाऊजींनी रोज विचारलं, मी रोज कामाचं कारण काढलं. खरं कारण हे की न गेलं तर काहीतरी आहे असं समजून राहता येतं. तू लिहिलेली ओळ मी कटिंगच्या टेबलाखाली धरून उभ्याउभ्या इतक्या वेळा वाचली की कागद घडीवर फाटला. पाळीचं म्हणशील तर गेली दोन वर्षं ती तिच्या मर्जीने येते-जाते, त्यामुळे तिकडे मी लक्षच दिलं नव्हतं. ते दार बंद झालं असं धरून चालले होते. चालत होतेही बऱ्यापैकी.

तुझं म्हणणं खरं आहे. जवळजवळ दहा आठवडे. पडद्यावर ठोका दिसला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं की इतक्या उशिरा कशा आलात आणि शंका आली कशी. तुझे भाऊजी छाती काढून म्हणाले की चार हजार आठशे मीटरवरून निदान झालंय. त्या बाईंनी दोनदा विचारून घेतलं.

पट्ट्यांबद्दल. राग आला. चांगला दिवसभर आला. माझं दुःख मला झेपणार नाही हे तू परस्पर ठरवलंस म्हणून आला. मग आठवलं की तुला मनस्ताप झेपणार नाही हे मीही परस्पर ठरवून आठ वेळा ३९ लिहिलं. एका पोटातून आलो हे कुठेतरी दिसणारच.

मी माझी खरी कार्डं भाऊजींच्या वहीतून उतरवून सोबत पाठवतेय. मधल्या तारखांचे आकडे आठवणीतून लिहिलेत, त्यांच्यापुढे तसं नोंदवलंय. आता तू तुझं सांग. आजोबांना सांगितलंस का? सांगितलं नसशील तर हे पत्र वाचून झाल्यावर लगेच जा. तुझं पहिलं चित्र माझ्यामुळे जाणार याचं मला फार वाईट वाटतंय, खारू. पण बाळाचं वाईट वाटत नाही, कितीही प्रयत्न केला तरी.

तुझी,
ताई


वरचं केंद्र
१ जून

ति. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी टेकडीवर एकटीने वाचलं. रडले. इथे रडलं की दम लागतो, म्हणून मध्येमध्ये थांबून रडावं लागलं. दहा आठवडे! ठोका!

आजोबांना मी तुझ्या पत्राआधीच सांगितलं, बारा तारखेलाच, तुझं पाकीट गाडीत टाकल्यावर. त्यांनी दोन्ही महिन्यांचे कागद समोर ठेवले आणि न झालेल्या तपासणीचा निकाल कुणी लिहिला तो दाखवायला सांगितलं. मी बोट ठेवलं. ते म्हणाले की चाळीस वर्षांत त्यांनी फुटलेली यंत्रं आणि पळून गेलेली माणसं माफ केली, पण हे माफ करता येत नाही. माझ्या ताब्यातली सगळी कार्डं त्यांनी दुसऱ्या डॉक्टरकडे दिली. बाकीच्या पाचही जोड्यांचे कागद पुन्हा तपासले, ते चोख निघाले. आपली जोडी बाद. पाच जोड्यांवर जेवढं म्हणता येईल तेवढंच निबंधात म्हणायचं, आणि त्यावर माझं नाव नसेल. काय घडलं ते मी अभ्यास-समितीला स्वतः लिहून पाठवलं.

लागलं, खोटं कशाला बोलू. पण झोप लागते. गेले दोन महिने लागत नव्हती आणि मी ते उंचीवर ढकलत होते. आता इथे मी डॉक्टर नाही, नुसतं शरीर आहे. सकाळी फुंकते, दुपारी रक्त देते, मधल्या वेळात पेले विसळते. पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागेल. करीन. मला हे काम येतं आणि आवडतं. पुढच्या खेपेला नियम मोडायची माझी छाती होणार नाही एवढं नक्की.

या महिन्याच्या शेवटी खाली येते. नववा आणि अकरावा आठवडा माझ्याही लक्षात आहे, तू लिहिलं नाहीस तरी. या पत्राला जे उत्तर येईल ते खरं येऊ दे. चांगलं नसलं तरी.

तुझी,
खारू


घर
१० जून

चि. खारूस अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

नाव गेलं ते वाचून तुझ्या भाऊजींनी आजोबांना चार खरमरीत ओळी लिहायला घेतल्या होत्या. मी कागद काढून घेतला. त्या म्हाताऱ्याने बरोबर केलं, आणि तू त्याच्याआधी बरोबर केलंस. माप चुकलं हे कबूल करणारी कटिंगवाली कारखान्यात अकरा वर्षांत मी एकच पाहिली, आणि आज सगळे तिच्याकडेच शिकतात. तूही तिथवर जाशील. मला यात तिळभर शंका नाही.

आता एक गोष्ट, जी मी कुणालाच सांगितलेली नाही. दुसऱ्या वेळी, इस्पितळातून घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी, मी तुला पत्र लिहिलं होतं. तुला आठवत असेल, पडद्यांच्या कापडाबद्दल दोन पानं होती. निळं घ्यावं की राखाडी. तू उत्तरात राखाडी लिहिलंस आणि मी राखाडी घेतलं. खरी बातमी तुला दोन महिन्यांनी कळली, तीही भाऊजींकडून. तू पट्ट्या लपवल्यास त्याची सुरुवात तिथे झाली असणार. माझ्याशी या विषयावर बोलायचं नसतं हे तुला मीच शिकवलं.

तेव्हा या वेळी तसं करणार नाही. बरं होवो, वाईट होवो, त्याच दिवशी तुला लिहीन आणि जसं असेल तसं लिहीन. आज सकाळी कारखान्यातही सगळ्यांना सांगून टाकलं. कुणी विचारलं की इतक्या लवकर सांगतात का, मी म्हटलं आम्ही सांगतो. मालकांनी मला बसून काम करायला उंच स्टूल आणून दिलं आणि त्यावर माझे पाय जमिनीला टेकत नाहीत म्हणून खाली कापडाचा तागा ठेवला.

भीती वाटते. रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी वाटते. तरी सांगते, मागच्या दोन्ही वेळा मी इथवर आले नव्हते, खारू. आज बारा आठवडे आणि चार दिवस झाले.

लवकर ये. लोभ सगळा घेऊन ये, आता दोघींना पुरायला हवा, किंवा मुलगा असला तर मला आणि त्याला.

तुझी,
ताई